पहिलं कोण बोलणार

सकाळपासून घर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं. अंगणापलीकडच्या ओतशाळेत बंदरावरच्या नव्या घंटेचा साचा आज जमिनीतून उकरून फोडायचा होता, आणि साचा फोडायच्या दिवशी या घरात कुणी बोलत नाही. नेमक्या त्याच दिवशी धाकट्या सुनेला कळा सुरू झाल्या. बाळंतपणाच्या वेळीही या घरात कुणी बोलत नाही. म्हणजे आज दुहेरी कुलूप. मांजरसुद्धा चुलीपाशी गपगार पडलं होतं.

मागच्या खोलीत धाकटी पलंगावर कुशीवर पडून भिंतीकडे बघत होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणायचे. थोरली सून कालच पोरांना घेऊन माहेरी गेली होती, कारण तिच्या पोरांना गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. पलंगाच्या पायथ्याशी सासूबाई होत्या. दाराशी स्टुलावर आत्येसासूबाई, ज्यांना घरातले लहानथोर सगळे नुसतं आत्या म्हणायचे. आणि मधे बाह्या दुमडून सुईणबाई. चार बायका, आणि आवाज म्हणाल तर फक्त श्वासांचा.

तसा हा नियम काही खुळचटपणाचा नव्हता. ओतलेली घंटा कित्येक दिवस मातीत गार होत पडून असते. ती उकरताना, वरचा साचा फोडताना, धातूला कुठं तडा जात असेल तर टक् असा बारीकसा आवाज येतो. तो वेळेवर कानावर पडला तर हात थांबवता येतो, घंटा वाचते. म्हणून माणसं गप्प राहून कान देतात. मग लाकडी हातोड्याचा पहिला टोला पडतो, घंटा वाजते, आणि सगळे एकदम बोलायला लागतात. कुठल्याशा पिढीतल्या कुठल्याशा बाईनं ही रीत उचलून बाळंतिणीच्या खोलीत आणली. मुलाचं पहिलं रडणं ऐकू येईपर्यंत गप्प. रडलं की मग हसा, भांडा, हवं ते करा. ऐकायला किती छान वाटतं! पण मूल रडलंच नाही तर पहिलं कुणी बोलायचं, ते काही त्या बाईनं सांगून ठेवलं नव्हतं.

मागच्या खेपेला मूल रडलं नाही.

सगळ्यांनी वाट बघितली. अजून बघितली. मग फडक्यात गुंडाळून कुणीतरी कुणालातरी खोलीबाहेर नेलं. धाकटीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा खोली झाडूनपुसून झाली होती. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "थोडं खाऊन घे." एवढंच. फुटकी निघालेली घंटा हे लोक तोडून परत मुशीत टाकतात, वितळवतात आणि तिचा विषय पुन्हा काढत नाहीत. तसंच त्यांनी केलं. वाईट मनानं नाही हो. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

ती मुलगी होती की मुलगा, हे धाकटीला आजतागायत माहीत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, असं कसं? सरळ विचारायचं की! अहो, विचारायचं कुणाला? नवऱ्याला? तो तर साच्याच्या मातीत हात घालून बसणारा माणूस, दिवसाकाठी बोलला तर बोलला. सासऱ्यांना? सासूबाईंना? आज विचारू, उद्या विचारू असं करता करता विचारायची वेळच निघून गेली, आणि मग तर तोंड उघडणंच अवघड होऊन बसलं. खरं तर धाकटीचं माहेर बाजारातलं. बाप भाजीच्या लिलावात भाव पुकारणारा, सकाळी तोंडाचा पट्टा सुटला की दुपारपर्यंत थांबायचा नाही. लेक त्याच्याच वळणावर गेलेली. लग्न होऊन आली तेव्हा सासरे कौतुकानं तिला रेडिओ म्हणायचे. जेवताना घास हातात धरून तिच्या गोष्टी ऐकत बसायचे. त्या दिवसानंतर रेडिओ बंद पडला, आणि कुणी तिला त्या नावानं हाक मारली नाही. माहेरची माणसं पुढल्या आठवड्यात यायची होती. बाळानं घाई केली.

सुईणबाई या घरात नवीन होत्या. सकाळी दारात पाऊल टाकलं तेव्हा आत्यांनी त्यांना ओठावर बोट ठेवून दाखवलं होतं. "म्हणजे? बोलायचंच नाही? मी तर बडबड केल्याशिवाय एक मूल काढलं नाही आजवर," त्या म्हणाल्या होत्या. आत्यांनी बोट हलवलं नाही. तेव्हापासून सुईणबाई गाल फुगवून काम करत होत्या. आत्ता त्यांनी धाकटीच्या पोटावर लाकडी नळी टेकवली आणि कान लावला. धाकटी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचत होती. सुईणबाईंनी मान हलवली. आहे. ठीक आहे.

धाकटीचा विश्वास बसला नाही. मागच्या वेळच्या सुईणीनंही मान हलवली होती. मान काय, कशीही हलते.

आणि खरं सांगायचं तर, मनातल्या मनात खरं सांगायला काही बंदी नव्हती, धाकटी या बाळाशी आजवर एक शब्द बोलली नव्हती. बाकीच्या बायका पोटावर हात ठेवून गाणी म्हणतात, गोष्टी सांगतात, लाडानं रागे भरतात. हिनं दुसऱ्याचं गाठोडं सांभाळायला घेतल्यासारखं पोट वागवलं. संध्याकाळी बाळाला उचक्या लागायच्या. पोट लयीत उडायला लागायचं. ती पदर सारखा करायची आणि भाजी चिरत राहायची, जणू लक्षच नाही. कुणाला दाखवत होती? तिथं बघायला दुसरं होतं कोण? आपण जीव लावला नाही तर पुढं जीव तुटणार नाही, असा तिचा अंदाज होता. अंदाज साफ चुकला होता, आणि ते तिला केव्हाच कळून चुकलं होतं. रात्री कूस बदलताना ती पोटाला हातानं आधार द्यायची, अगदी हळू, ते उठू नये म्हणून. पण बोलायची नाही.

'माझ्यासारखी आई शत्रूलासुद्धा मिळू नये,' ती मनात म्हणाली. 'मला घरी जायचंय. बाबांच्या ओट्यावर बसून कांद्याचे ढीग बघायचेत. भूक लागलीय मला. कसली भूक, या वेळेला! लाज वाटायला हवी. हे मूल हवंय का मला? हवंय. इतकं हवंय की विचारू नका. पण ते बाहेर यायला नकोय. आत आहे तोवर ते आहे. बाहेर आलं की कळेल.'

मग कळ आली आणि विचारबिचार पार उडाले. कंबरेतून उठून ती पुढं आली, पोट दगडासारखं झालं, पलंगाची कड तिच्या मुठीत करकरली. धाकटी दुखण्याला घाबरत होती असं नाही. तिला वेगळंच आश्चर्य वाटत होतं. साधी सुई ओवायला तिच्या आईनं तिला दहादा शिकवलं होतं, तरी दोरा निसटायचाच. आणि हे एवढं मोठं काम तिचं अंग आपलं आपण करत होतं. तिला न विचारता, न अडखळता, कुणी शिकवल्याशिवाय. कोण करत होतं हे? ती तर नव्हती करत. तिला वाटलं, आपल्याच घरात कुणी थोर पाहुणे आलेत आणि आपण कोपऱ्यात उभं राहून बघतोय.

कळ ओसरली. ती दाराशी बसलेल्या आत्यांकडे बघत राहिली. पांढरे केस, ताठ मान, मिटलेले ओठ. यासुद्धा कुणाच्या तरी पोटातून आल्या. कुणीतरी यांच्यासाठी अशीच पलंगाची कड धरली. सुईणबाईंसाठी पण. बाजारातला तो वजनात मारणारा दलाल, बंदरावरचे हमाल, शाळेचा शिपाई, आत्ता पलीकडच्या रस्त्यावरून सायकलची घंटी वाजवत गेला तो कोण असेल तो, एकेकामागे एकेक बाई. इतकी माणसं! आणि रस्त्यावर एकमेकांना धक्के देत चाललीत, कुणाला काही नवल नाही! धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला वाटलं, खिडकी उघडून ओरडावं, अरे थांबा की जरा, बघा एकमेकांकडे. अर्थात ती काही ओरडली नाही. या घरात कोण ओरडतंय!

त्यानंतर कळा विरळ झाल्या. आधी जोर कमी झाला, मग अंतर वाढलं. सुईणबाईंनी हात लावून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा बघितलं. नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग त्या सासूबाईंकडे वळून कुजबुजल्या, पण कुजबुजायची सवय नसल्यामुळं ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"ही आवळून धरतेय."

"शू," आत्या म्हणाल्या.

"शू काय शू! बाळ खाली आलंय, वाट मोकळी आहे, आणि ही बाई आवळून धरतेय. भीतीनं होतं असं. पण असं फार वेळ चालायचं नाही. ठोके आत्ता चांगले आहेत. अजून थोडा वेळ असंच गेलं तर बाळ दमेल. आणि दमलं की मग माझ्या हातात काही राहत नाही."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आत्यांनी बोट पुन्हा ओठांवर ठेवलं.

आवळून धरतेय. बरोबर होतं. धाकटीला स्वतःला कळत होतं, आत कुठंतरी तिनं मूठ वळून धरली होती आणि ती मूठ तिला उघडता येत नव्हती. 'सोड,' ती स्वतःला म्हणाली. 'अगं सोड, मारशील त्याला.' मूठ अजूनच वळली. मागच्या वेळी तिनं सोडलं होतं. जसं सांगितलं तसं सगळं केलं होतं. आणि मग ती शांतता.

"मुलगी होती की मुलगा?"

कुणी विचारलं हे? तिनंच विचारलं होतं. आवाज इतका घोगरा आला की तिला स्वतःचा ओळखू आला नाही.

आत्या अर्ध्या उठल्या. त्यांनी खिडकीकडे, ओतशाळेकडे हात केला. आज साचा आहे.

"आई, मी तुम्हाला विचारतेय." धाकटी कोपरावर उठून बसली. "मागच्या वेळी. मुलगी होती की मुलगा? कुणीच सांगितलं नाही मला. मीही विचारलं नाही, चुकलं माझं. पण आता मला सांगा. नाहीतर हे माझ्यानं सुटणार नाही."

सासूबाईंनी नणंदेकडे बघितलं. नव्या नवरी होत्या तेव्हापासून नणंद बोला म्हणाली तर त्या बोलायच्या, आणि नणंद सहसा बोला म्हणायची नाही. सगळ्या गावाला माहीत होतं, या घरात ओतकाम पुरुषांचं आणि कान आत्यांचा. घंटेतला तडा त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. त्यांच्यापुढं सासूबाईंनी कधी मान वर केली नव्हती. आता केली.

"मुलगी," त्या म्हणाल्या.

त्या पायथ्यापासून पुढं सरकल्या.

"मुलगी होती. डोक्यावर हे एवढं जावळ, काळंभोर, कपाळाला चिकटलेलं. बोटं लांब लांब होती. नखं वाढली होती गं, कापायला झाली होती." सासूबाईंचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही, हे त्यांना कळलं असावं. "मी तिला न्हाऊ घातलं. पाणी गरम केलं. मला हे म्हणाले, आता गरम कशाला? पण थंड पाणी घालवेना माझ्यानं. पुसलं, केस विंचरले, माझ्या मऊ लुगड्यात गुंडाळलं. अगदी झोपल्यासारखी दिसत होती."

धाकटीला वाटलं होतं, हे ऐकलं तर आपण मरू. ती मेली नाही. मुलगी. काळंभोर जावळ. इतके दिवस आत नुसता एक अंधार होता, त्याला आता कपाळ आलं, बोटं आली, नखं आली. ती रडत होती आणि तिला बरं वाटत होतं, दोन्ही एकदम.

"मला का नाही दाखवलीत?"

"तू डोळे मिटून घेतले होतेस ना! मला वाटलं, तुला बघायचं नाही. मग वाटलं, विचारशील. तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला विषय नको असेल."

"मला वाटलं, तुम्हाला नको असेल."

"मला? अगं, रोज भांडी घासताना मी मनात म्हणायचे, आज विचारेल. आज विचारलं तर आज सांगीन."

"धन्य आहे बाई तुमची!" सुईणबाईंचा बांध फुटला. "दोघी एका चुलीपुढं बसायच्या आणि मूग गिळायच्या! माझ्या तर तोंडाला सकाळपासून रग लागलीय. रडा आता, दोघी मिळून रडा, चांगलं असतं ते, अंग सैल पडतं."

आत्या स्टुलावरून उठल्या. धाकटीनं धास्तीनं त्यांच्याकडे बघितलं. आता काय ऐकावं लागतंय कोण जाणे! आत्या चार पावलं चालून पलंगापाशी आल्या आणि तिच्या उशाशी टेकल्या. इतक्या जवळ त्या कधी कुणाच्या बसत नसत.

"मी ऐकत होते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक होता, फारसा वापरात नसलेला. "मागच्या वेळी. तिथंच दाराशी बसून. मला सगळं ऐकू येतं गं. धातू गार होताना कुरकुरतो तेवढंसुद्धा. तेव्हा मी कान देऊन बसले होते, आणि काहीच आलं नाही. मला वाटलं, माझाच कान कमी पडतोय. हळू असेल, बारीक असेल, येईलच आता. लोक बोलले तर निसटून जाईल म्हणून मी कुणाला बोलू दिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही." त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला. "मी अजून ऐकतेच आहे, पोरी."

धाकटीनं त्यांच्याकडे बघितलं, आणि सकाळपासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तिला आत्ता दिसली. आज साचा फोडायचा दिवस. आत्या खड्ड्यापाशी हव्या होत्या. त्यांच्या कानाशिवाय या घरात आजवर एक साचा फुटला नव्हता. आणि त्या सकाळपासून इथं स्टुलावर बसल्या होत्या.

"आत्या, तिकडं तुमची वाट बघत असतील."

"बघू देत. घंटा काय, मातीत आणखी चार दिवस राहिली तर उतू जात नाही." आत्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, आणि दोन्ही दारं धाडकन उघडली. बाहेर ऊन होतं. ओतशाळेच्या दारात सासरे आणि कामगार फावडी टेकून मुकाट उभे होते. "ए!" आत्या ओरडल्या. त्यांना ओरडताना त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. "साचा आज राहू दे! माती टाका परत वर! आणि बोला की आता, गाढवांनो, असे काय पुतळे होऊन उभे आहात!"

पुतळे आणखीच पुतळे झाले. मग सासरे घसा खाकरून म्हणाले, "रेडिओ कशी आहे आमची?"

धाकटीनं ते ऐकलं आणि तिच्या हुंदक्यात हसू मिसळलं.

खिडकीच्या अगदी खाली काहीतरी हललं. नवरा होता. कोपरापर्यंत हात मातीनं माखलेले, पाठ भिंतीला टेकलेली. केव्हापासून तिथं उभा होता कोण जाणे. सकाळपासूनच असणार.

"तू इथं काय करतोयस?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणे! ऐकलंस ना सगळं? मग तूही सांग तिला. तू नेलंस ना त्या पोरीला?"

धाकटीला हेही माहीत नव्हतं. तिनं खिडकीकडे बघितलं. त्याचं फक्त डोकं दिसत होतं, केसांत माती.

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "एकटाच गेलो. बाबा येत होते, नको म्हटलं. वाटेत थांबलो. तोंडावरचं लुगडं सारलं जरा. म्हटलं, बघून तर घेऊ." त्यानं डोकं खिडकीकडे वळवलं. "तुझ्यासारखे कान होते. बाहेर आलेले."

"माझे कान कुठं बाहेर आलेत?"

"आलेत."

"अहो, काय बोलताय! आई, माझे कान बाहेर आलेत?"

"थोडेसे," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"बरेच," आत्या म्हणाल्या.

आणि धाकटी हसली. घरात नवी आली होती तेव्हासारखी, पोट धरून, खदखदा. सासूबाई हसल्या, सुईणबाई तर पदरात तोंड लपवून हसल्या, खिडकीखालून नवऱ्याचा हसण्याचा का रडण्याचा आवाज आला. हसता हसता धाकटीच्या आत काहीतरी सैल झालं. आणि कळ आली. आधीच्या सगळ्या कळा हिच्यापुढं काहीच नव्हत्या. ही तिला बाजूला सारूनच आली.

"आता!" सुईणबाई ओरडल्या. "ही बघा, ही खरी! आई, तुम्ही पाठीमागून धरा. आत्या, हात द्या तिला. आणि बोलत राहा गं बायांनो, कुणी थांबू नका! तुम्ही पण, खिडकीवाले!"

"काय बोलू?" खिडकीतून विचारणा झाली.

"वाट्टेल ते बोल, बाबा!"

मग तो बोलायला लागला. त्याला येत होतं तेच बोलायला लागला. बाबा माती टाकतायत. आता फावडं ठेवलं. आता खाली बसले. आता परत उठले. चाललेत येरझाऱ्या घालत. सांगायला काहीच नव्हतं आणि तो एक गोष्ट सोडत नव्हता, धाकटीचा बाप बाजारात भाव पुकारतो त्याच सुरात, न थांबता. सासूबाई कानाशी काहीबाही पुटपुटत होत्या, सुईणबाई ओरडत होत्या, आत्या नुसतं "हो, हो, हो" म्हणत होत्या. खोली बोलण्यानं इतकी भरली की भिंती कमी पडाव्यात.

धाकटी दोन कळांच्या मधल्या जागेत होती. तिथं फार थोडा वेळ राहता येतं. तिथं विलक्षण स्वच्छ दिसतं. पलंग, ऊन, आत्यांच्या हातावरच्या निळ्या शिरा, सगळं जणू पहिल्यांदाच. आणि आत तो जीव, तिच्या अगदी दाराशी येऊन थांबलेला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. घंटा नाही, नियम नाही, ताई नाही. त्यानं आजवर कधी उजेड पाहिला नव्हता. तरी तो येत होता, डोकं पुढं घालून, एकट्यानं. किती धीट! तिला वाटलं, इतकं धीट माणूस आपण जन्मात पाहिलं नाही. आणि हा सगळा वेळ तो इथंच होता, उचक्या देत, आणि आपण भाजी चिरत बसलो.

"डोकं दिसतंय!" सुईणबाई म्हणाल्या. "जावळ दिसतंय! आणखी एकदा. आता कळ आली की सोड, अडवू नकोस."

धाकटीनं हनुवटी छातीला टेकवली आणि स्वतःच्या पोटाकडे बघितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलली.

"ए," ती म्हणाली. "ए बाळा. ऐकतोयस ना? का ऐकतेयस? जे असशील ते. मी तुझी आई. मला काही येत नाही, आधीच सांगून ठेवते. खूप घाबरलेय मी. इतके दिवस तुझ्याशी बोलले नाही, तुला राग आला असेल, तो येऊ दे. तुझी एक ताई होती. तिच्याशी पण बोलायचं राहिलं माझं. तुझ्याशी नाही राहायचं. तू रडलंस तरी मी बोलणार आहे, आणि नाही रडलंस तरी बोलणार आहे. कळलं?"

कळ आली.

"ये आता," ती म्हणाली, आणि सोडून दिलं.